स्पर्धेविना सन्मान

ब्रिटनमधील पोलीस दलांच्या स्वयंसेवी छात्र-पथकांत 13 ते 18 वर्षांची मुले-मुली सहभागी होतात. परिस्थितीमुळे गुन्हेगारीकडे ओढली जाण्याचा धोका असलेल्यांनाही तेथे आवर्जून सामावून घेतले जाते. त्यांपैकी अनेक जण 1956 साली सुरू झालेल्या ‘ड्यूक ऑफ एडिनबरा’ पुरस्कारासाठी प्रयत्न करतात. कांस्य, रौप्य व सुवर्ण या त्याच्या तीन श्रेणी. समाजसेवा, व्यायाम, कौशल्य व साहसमोहीम हे चार विभाग. सुवर्णश्रेणीसाठी अनोळखी सोबत्यांसह पाच दिवसांचा सहनिवासही आवश्यक. यात कोणालाही हरवायचे नसते. स्वतः निवडलेले ध्येय महिनोन्महिने निष्ठेने पाळणारा प्रत्येक जण सन्मानास पात्र ठरतो. संशयाच्या नजरांची सवय झालेल्या मुलाला पोलिसांच्याच साक्षीने असा मान लाभावा, हेच या पुरस्काराचे खरे मोल होय.