बाळंतविड्यातील टोपडे : छंद आणि शास्त्र

समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरहून अधिक उंचीवर वसलेल्या हैदराबादची थंडी गोमंतकीयांना अनपेक्षित वाटते. ८ जानेवारी १९४६ रोजी तेथील पारा ६.१ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता. १९०७ साली स्थापन झालेली विवेकवर्धिनी शाळा जपणाऱ्या तेथील मराठी समाजात बाळंतविड्याची रीतही आहे. झबली, दुपटी, मोजे आणि हाताने विणलेले टोपडे हा त्यातील मुख्य ऐवज. फावल्या वेळातला हा छंद नवजात बालकाच्या जिवाशी निगडित आहे.

याच शहरात निजामाची सून राजकन्या नीलोफर हिची सेविका बाळंतपणात दगावली आणि त्या दुःखातून पुढे माता व बालकांसाठी नीलोफर रुग्णालय उभे राहिले. आज कमी वजनाच्या बालकांसाठी ‘कांगारू मातृसेवा’ ही पद्धत जगभर स्वीकारली गेली आहे. ती १९७८ साली कोलंबियातील बोगोटा येथे सुरू झाली. बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरले जाते. त्याच्या अंगावर लंगोट, मोजे आणि टोपी एवढेच असते. नवजाताचे डोके शरीराच्या मानाने मोठे असल्याने तेथून बरीच उष्णता निघून जाते.

म्हणूनच माप अचूक हवे. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३४ सेंटीमीटर असतो. विणकाम ताणले जात असल्याने टोपीचा घेर ३० सेंटीमीटर ठेवावा. आधी नमुना विणून दहा सेंटीमीटरमधील टाके मोजावेत. ते २४ भरल्यास ७२ टाके घालावेत. चार सुयांवर गोल विणल्यास आत शिवण येत नाही. दोन सुलट, दोन उलट अशी चार सेंटीमीटरची पट्टी झाली की पुढे सर्व टाके सुलट विणावेत. उंची अकरा सेंटीमीटर झाल्यावर एकाआड एक फेरीत टाके घटवीत न्यावेत. अखेर उरलेल्या टाक्यांतून धागा ओवून तो घट्ट ओढावा. अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी घेर आणि उंची दोन्ही कमी करावी लागतात.

धागा मऊ आणि वारंवार धुता येणारा असावा. केसाळ लोकर नाकातोंडात जाते. बटणे, मणी, गोंडे आणि गळ्याशी बांधायच्या नाड्या टाळाव्यात. ओली झालेली टोपी लगेच बदलावी.

बाळंतविडा पेटीत ठेवताना त्यात डांबरगोळ्या टाकण्याची सवय मात्र सोडलीच पाहिजे. रक्तातील ‘जी-६-पीडी’ या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बालकाला त्यांच्या वाफेने तीव्र कावीळ होऊ शकते. त्यांऐवजी स्वच्छ धुऊन, कडक उन्हात वाळवून टोपडी कापडी पिशवीत ठेवावीत.

टोपीलाही काळवेळ असते. जन्मानंतरच्या पहिल्या तासांत, कमी वजनाच्या बाळाला आणि थंडीत बाहेर नेताना ती उपयोगी पडते. घरात उबदार हवेत निजलेल्या निरोगी बाळाला ती घालू नये; अंग तापण्याचा किंवा टोपी नाकावर घसरण्याचा धोका असतो. रुग्णालयाला टोप्या द्यायच्या असल्यास तेथील परिचारिकांना मापे आणि धाग्याविषयीचे नियम विचारूनच सुया हाती घ्याव्यात.