नारू आणि माजी अध्यक्ष

आमच्या घरी माठाच्या तोंडाला दुहेरी फडके बांधल्याशिवाय त्यात पाणी ओतले जात नसे. आजीचा तसा दंडकच होता. तिच्या धाकट्या भावाला लहानपणी नारू झाला होता. घोट्याजवळच्या फोडातून पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत डोके काढी. तो काडीला गुंडाळून रोज थोडाथोडा ओढायचा. मध्येच तुटला तर पाय सुजून पिकायचा. आजी ही हकिकत नेमकी जेवताना सांगे आणि आम्ही मुले पानावरून उठत असू.

याच नारूच्या मागे अमेरिकेचा एक माजी अध्यक्ष हात धुऊन लागला, हे तिला कोणी सांगितले असते तर ती हसली असती.

जिमी कार्टर हे जॉर्जियातल्या प्लेन्स गावचे भुईमूग पिकवणारे शेतकरी. राज्याच्या सिनेटचे सदस्य, मग गव्हर्नर आणि १९७७ साली थेट अध्यक्ष. इजिप्त आणि इस्रायल यांच्यात त्यांनी समेट घडवला, पण तेहरानच्या ओलिसांनी त्यांना बुडवले. ५२ अमेरिकन ४४४ दिवस अडकून पडले आणि सुटले तेही रेगन यांचा शपथविधी झाल्यावर काही मिनिटांनी! छप्पन्नाव्या वर्षी कार्टर घरी परतले, तर शेंगदाण्याचा धंदा सुमारे दहा लाख डॉलरच्या कर्जात. हरलेला पुढारी अशा वेळी काय करतो, हे आपल्या वाचकांना मी काय सांगावे?

कार्टर पतिपत्नींनी १९८२ मध्ये अटलांटात 'कार्टर सेंटर' काढले आणि १९८६ पासून ही संस्था नारूच्या मागे लागली. त्या वर्षी जगात सुमारे ३५ लाख रुग्ण होते. या रोगावर औषध नाही, लसही नाही. पाण्यातल्या सूक्ष्म पिसवांबरोबर नारूची पिल्ले पोटात जातात, वर्षभराने हातभर लांब मादी कातडी फोडून बाहेर येते. आग शमवायला रुग्ण पाय पाण्यात बुडवतो आणि तेथेच ती नवी पिल्ले सोडते. म्हणजे करायचे एवढेच: पाणी गाळून प्यायचे आणि रुग्णाला तळ्यात उतरू द्यायचे नाही. आजीचे फडकेच की! पण ते हजारो खेड्यांत घरोघर पोहोचवायचे.

'उत्तम माजी अध्यक्ष' असे कार्टर यांना म्हणण्याची रीत पडली. या कौतुकात टोमणाही आहे. मला मात्र त्यांची ही दोन आयुष्ये वेगळी वाटत नाहीत. १९९५ साली सुदानमध्ये यादवी पेटली होती. नारूचे कार्यकर्ते खेड्यांत पोहोचावेत म्हणून कार्टर यांनी दोन्ही बाजूंना शस्त्रे खाली ठेवायला लावली आणि ती जवळजवळ सहा महिने खाली राहिली. एखाद्या डॉक्टरचे कोणी ऐकले असते का? व्हाइट हाउसमध्ये बसून गेलेल्या माणसाचे ऐकतात. पद गेल्यावर उरलेली ही पत त्यांनी जंतावर खर्च केली. त्या गावांतल्या एकाचेही मत त्यांना कधी मिळणार नव्हते.

आपल्याकडचे श्रेय मात्र त्यांना देऊ नये. महाराष्ट्रासह सात राज्यांत नारू होता. त्याला हटवले ते विहिरी पालथ्या घालणाऱ्या आपल्याच आरोग्य कर्मचाऱ्यांनी. शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त ठरवला.

कार्टर घराण्याचा आपल्याशी संबंध वेगळाच आहे. त्यांच्या मातोश्री लिलियन १९६६ साली, अडुसष्टाव्या वर्षी, पीस कोअरतर्फे परिचारिका म्हणून विक्रोळीत आल्या. तेव्हा मुलगा अध्यक्ष व्हायचा होता. चाळीस वर्षांनी, २००६ च्या ऑक्टोबरात, तो मुलगा ब्याऐंशीव्या वर्षी लोणावळ्याजवळ मळवलीला हातोडी घेऊन घरे बांधत होता.

२०१५ साली कॅन्सर झाल्याचे जाहीर करताना, आपल्या आधी शेवटचा नारू मरावा, अशी इच्छा त्यांनी बोलून दाखवली. पुढे नऊ वर्षे ते जगले. २९ डिसेंबर २०२४ रोजी, वयाच्या शंभराव्या वर्षी, गेले. त्या सबंध वर्षात जगभरात नारूचे पंधरा रुग्ण सापडले. काही चाडमध्ये, काही दक्षिण सुदानमध्ये. चाडमध्ये तो कुत्र्यांतही शिरला आहे. तेथे गावकऱ्यांना कुत्री बांधून ठेवायला सांगतात.