डोक्याची लांबी, अंगाची उंची आणि माशाची जात

बुलढाण्याच्या घाटाखाली पूर्णा वाहते; ती तापीला मिळून अरबी समुद्राकडे जाते. घाटावर उगम पावणारी पैनगंगा मात्र वर्धा, प्राणहिता अशा वाटेने गोदावरीत, म्हणजे बंगालच्या उपसागराकडे. आपण घाट सहज उतरतो; माशाला तो ओलांडता येत नाही. म्हणून दोन्हीकडचे मासे सारखे दिसले, तरी जात एकच का, हे विचारावे लागते.

महसीर घेऊ. 'टोर टोर'चे वर्णन हॅमिल्टनने १८२२ मध्ये केले, 'टोर खुद्री'चे साइक्सने १८३९ मध्ये. पहिला नर्मदा-तापीकडेही आढळणारा, दुसरा गोदावरी-कृष्णेकडचा. दोघांचे खवले मोठे, मिशा चार. मग ओळखायचे कसे? जुना आडाखा असा: तोंडाच्या टोकापासून कल्ल्याच्या झाकणाच्या मागच्या कडेपर्यंत डोके मोजा. मग पाठीपासून पोटापर्यंत, अंग सर्वांत जाड दिसते तिथे, उंची मोजा. डोके उंचीपेक्षा आखूड असेल तर टोर टोर, जवळपास सारखे असेल तर खुद्री. बघा, इथे सेंटिमीटरला महत्त्व नाही, गुणोत्तराला आहे. मासा लहानमोठा असायचाच. अंगाची लांबीही शेपटीचा पर सोडून घेतात, कारण तो फाटलेला असू शकतो.

आम्ही तत्त्वज्ञानवाले, त्यामुळे इथे न्यायशास्त्र आठवतेच. 'शिंगे असणे' हे गाईचे लक्षण केले तर म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. 'तपकिरी असणे' केले तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. आता अंड्यांनी भरलेली खुद्रीची मादी घ्या. डोके १० सेंमी, उंची एरवी १०, पण पोट फुगल्यामुळे १२. आडाख्याने ती टोर टोर ठरली! वाढत्या वयाबरोबरही ही प्रमाणे बदलतात. म्हणून एका माशावर निकाल द्यायचा नसतो. एकाच नदीतले, वेगवेगळ्या वयांचे पुष्कळ मासे मोजायचे, खवले मोजायचे, आणि शंका उरली तर डीएनए पाहायचा.

एवढा खटाटोप कशाला? लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात तयार झालेली खुद्रीची बोटुकली अनेक नद्यांत सोडली गेली, कावेरीतही. तिथला मूळचा कुबडवाला महसीर मागे पडत गेला. तो 'टोर रेमादेवी' आहे हे २०१८ मध्ये निश्चित झाले, तोवर तो अतिसंकटग्रस्त झाला होता.

आपल्याकडे नळगंगेचे धरण तापीच्या बाजूला, खडकपूर्णेचे गोदावरीच्या. एकाच टाकीतली बोटुकली दोन्हीकडे सोडण्याआधी फूटपट्टी बाहेर काढायला हवी, बरं का.