कॉन्फिग फाइल वाचणं सोपं, परत लिहिणं अवघड

वेळ, पत्ता, मर्यादा अशा उद्या बदलू शकणाऱ्या गोष्टी आपण कोडमध्ये न ठेवता वेगळ्या कॉन्फिग फाइलीत ठेवतो, हे तुम्हाला माहीत आहेच. आज ती फाइल वाचणाऱ्या आणि परत लिहिणाऱ्या लायब्ररीबद्दल बोलू. सुरुवात आमच्याच फजितीपासून.

नवी मुंबई महापालिकेकडे मोरबे हे स्वतःचं धरण आहे. पण पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवायला सोसायटीला पंपच लागतो. नेरूळच्या एका सोसायटीत हा पंप वेळेवर चालू करणारा छोटा पायथन प्रोग्राम आम्ही लिहून दिला होता. कॉन्फिग फाइल यॅमल पद्धतीची, कारण ती साध्या यादीसारखी दिसते आणि सेक्रेटरी काकांनाही वाचता येते. सकाळची वेळ ०६:००. सगळं सुरळीत. मग सभासद म्हणाले, संध्याकाळीही पाणी हवं. काकांनी खाली १८:०० लिहिलं. (फाइलीत आकडे अर्थातच इंग्रजी.) त्याच दिवशी आम्ही आणखी एक हुशारी केली: पंप शेवटचा कधी चालला, याची नोंद प्रोग्रामने त्याच फाइलीत करायची.

संध्याकाळी पंप चालला नाही. एरर नाही, काही नाही. सात वाजता नळ कोरडे आणि आमचा फोन गरम.

झालं काय, तर पायथनमध्ये सर्रास वापरली जाणारी पाययॅमल ही लायब्ररी यॅमलची १.१ आवृत्ती पाळते. त्या आवृत्तीत अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेला १८:०० हा साठच्या पटीतला आकडा समजला जातो. अठरा गुणिले साठ, म्हणजे १०८०. आमचा प्रोग्राम दर मिनिटाला घड्याळातली वेळ फाइलीतल्या वेळेशी ताडून बघायचा. आता "१८:००" हा मजकूर आणि १०८० हा आकडा जुळणार कसे? मग सकाळी कसं जमलं? तर या नियमात सुरुवातीला शून्य चालत नाही, म्हणून ०६:०० हा मजकूरच राहिला. म्हणजे सकाळी ९:५९ पर्यंत, पुढे शून्य लावून लिहिलं तर, तुम्ही सुरक्षित. दहा वाजले की गेलात!

याच घराण्यातली आणखी एक गंमत. आपला एसटीडी कोड ०२२. तो तसाच लिहिला, तर सुरुवातीच्या शून्यामुळे पाययॅमल तो आठच्या पटीत वाचते आणि हाती येतात १८. नॉर्वेचा देश-कोड 'एनओ' लिहिला, तर त्याचा 'नाही' होतो, हा किस्सा तर जगभर प्रसिद्ध आहे. २००९ साली आलेल्या १.२ आवृत्तीने हे तिन्ही नियम काढले, पण पाययॅमल आजही जुन्याच वाटेने जाते. उपाय साधा: वेळ, कोड, फोन नंबर अवतरणचिन्हांत लिहा.

टॉमल पद्धत इथे कडक आहे. तिच्या १.० आवृत्तीत नुसतं १८:०० लिहिलं, तर लायब्ररी फाइल वाचायलाच नकार देते. आम्हाला हा खडूसपणा आवडतो. संध्याकाळी नळ कोरडा पडण्यापेक्षा दुपारी एरर दिसलेली बरी. जुन्या आयएनआय फाइली वाचणारी कॉन्फिगपार्सर तर काही अंदाजच बांधत नाही, सगळं मजकूर म्हणून देते. आकडा हवा असेल तर तसा मागावा लागतो.

पण खरा घाव पुढेच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पंप चालला, प्रोग्रामने नोंद केली, आणि आम्ही फाइल उघडली. १८:०० च्या जागी १०८०. ओळींचा क्रम बदलून अकारविल्हे. 'गच्चीवरची टाकी' या शब्दांच्या जागी उलट्या तिरक्या रेघा आणि युनिकोडचे आकडे. आणि हॅशचं चिन्ह देऊन काकांनी लिहिलेले सगळे शेरे गायब.

लायब्ररीत बिघाड नव्हता. पाययॅमल फाइल वाचते तेव्हा शेरे टाकून देते. आपल्या हाती उरतात फक्त नावं आणि किमती, आणि लिहिताना ती तेवढंच लिहिते. क्रम राखायला आणि देवनागरी तशीच ठेवायला तिच्यात पर्याय आहेत, ते आम्ही दिले नव्हते. शेऱ्यांना मात्र पर्याय नाही. कॉन्फिगपार्सरही शेरे पुसते. पायथन ३.११ मध्ये, म्हणजे २०२२ साली, टॉमलिब आली ती फक्त वाचणारी. लिहिताना शेरे आणि मांडणी कशी राखायची, हा प्रश्न तिथे मुद्दाम बाजूला ठेवला गेला. शेरे जपून लिहायचं तर यॅमलसाठी रुआमेल आणि टॉमलसाठी टॉमलकिट आहे. त्या किमतींबरोबर मोकळ्या जागा आणि शेरेही लक्षात ठेवतात.

आम्ही शेवटी लायब्ररी बदलली नाही, घर बदललं. प्रोग्रामची नोंद आता वेगळ्या फाइलीत जाते. काकांची फाइल प्रोग्राम फक्त वाचतो. जुनी प्रत आम्ही ठेवलेली नव्हती, त्यामुळे शेरे काकांनी आठवून आठवून पुन्हा लिहिले. 'बी विंगचा व्हॉल्व्ह' अशी सुरुवात असलेला एक शेरा होता. पुढे काय लिहिलं होतं, ते अजून कुणाला आठवलेलं नाही.