डॉ. सेन यांचा एच-इंडेक्स किती?

माझा शाळेतला एक मित्र परळला सर्जरी शिकतोय. ड्यूटीनंतर चहाला भेटलो की त्याचा ठरलेला प्रश्न: "तू सायटेशन मोजतोस ना, मग सांग, चांगल्या हार्ट सर्जनचा एच-इंडेक्स किती असावा?" तो हे गमतीने विचारत नाही. वैद्यकीय महाविद्यालयात बढतीच्या वेळी शोधनिबंध मोजले जातात, त्यामुळे त्याची काळजी खरी आहे.

सायटेशन म्हणजे तुमच्या निबंधाचा दुसऱ्याने आपल्या निबंधात दिलेला संदर्भ. एच-इंडेक्स ही हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 साली सुचवलेली मोजणी. समजा तुमचे तीन निबंध आहेत आणि त्यांना 900, 5 आणि 2 संदर्भ मिळालेत. तुमचा एच फक्त 2! कारण निदान दोन संदर्भ असलेले दोन निबंध आहेत, पण निदान तीन संदर्भ असलेले तीन नाहीत. त्या 900ला इथे कुणी विचारत नाही.

आता केईएमच्या डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांचं उदाहरण घेऊ. फेब्रुवारी 1968मध्ये त्यांनी भारतातलं पहिलं हृदयप्रत्यारोपण केलं. बर्नार्ड यांच्या शस्त्रक्रियेला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. रुग्ण काही तासांतच दगावला, पण लोकांच्या लक्षात राहिलं ते हेच. मला मात्र त्यांचा 1965चा एक निबंध जास्त महत्त्वाचा वाटतो.

कल्पना अशी. हृदयाच्या डाव्या कप्प्यात रक्त भरलेलं असतं, पण त्याच्या भिंतीतल्या स्नायूला बहुतेक रक्त मिळतं ते बाहेरून येणाऱ्या कोरोनरी धमन्यांतून. धमनी तुंबली की स्नायू उपाशी. म्हणजे विहिरीच्या काठावर राहून तहानलेलं! सापासारख्या सरपटणाऱ्या प्राण्यांमध्ये मात्र रक्त कप्प्यातून थेट स्नायूत झिरपतं. मग माणसाच्या हृदयातही तशा वाटा करता येतील का? सेन, उडवाडिया, किनरे आणि पारुळकर यांनी कुत्र्यांच्या हृदयाच्या भिंतीत सुईने भोकं पाडून हे तपासलं आणि त्याला नाव दिलं 'ट्रान्समायोकार्डियल ॲक्युपंक्चर'.

पण 1967मध्ये फावालोरो यांनी क्लीव्हलंडला पायाची शीर वापरून बायपास सुरू केली आणि सुईची कल्पना मागे पडली. पुढे 1980च्या दशकात हीच भोकं लेझरने पाडायला सुरुवात झाली. 1998 साली अमेरिकेत अशा लेझर यंत्राला मंजुरीही मिळाली. लेझरवाल्यांच्या निबंधांत पूर्वसूरी म्हणून परळच्या त्या निबंधाचा संदर्भ येऊ लागला. जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर काढताना मागच्या दोनच वर्षांतले निबंध धरतात. त्या खिडकीतून बघणाऱ्याला तीस वर्षांनंतरची ही वर्दळ कशी दिसणार?

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे सेन बरोबर होते आणि जगाला उशिरा कळलं. मलाही तसंच लिहायचा मोह झाला होता. पण नंतर शवविच्छेदनांत दिसलं की लेझरने पाडलेली भोकंसुद्धा बुजून जातात. छातीतलं दुखणं कमी झालंच, तर ते नव्या बारीक रक्तवाहिन्यांमुळे, नसा जळल्यामुळे की निव्वळ उपचार झाल्याच्या समाधानामुळे, यावर वाद झाला. त्या वादातल्या निबंधांतही सेन यांचं नाव आहेच. सायटेशन मोजणाऱ्या यंत्राला 'यांनी वाट दाखवली' आणि 'ही वाट बंद होते' यांतला फरक कळत नाही. दोन्हीकडे अधिक एक.

सेन यांचं दुसरं काम याच्या अगदी उलट आहे. तरुण रुग्णांमध्ये महाधमनीचा मधलाच भाग अरुंद होतो आणि रक्तदाब चढतो. या आजाराबद्दल त्यांनी सहकाऱ्यांबरोबर 1963 साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये लिहिलं. 'मिडल एऑर्टिक सिंड्रोम' हे तिथलं नाव आजही वापरात आहे. यात यंत्र नाही की नवी शस्त्रक्रिया नाही, रुग्ण नीट बघून केलेली नोंद आहे. पुढे 1973मध्ये धमन्यांच्या अशाच आजारावर, 101 रुग्णांच्या अभ्यासावर आधारलेलं त्यांचं अख्खं पुस्तक आलं.

मित्राला हे सगळं सांगितलं. त्याने चहा संपवला आणि विचारलं, "पुस्तकाचे मार्क धरतात का रे?"

निबंधांइतके सहसा नाही धरत.