दुचाकीलाही हवा निवारा

मे महिना सरत आला की घराघरांत पावसाळ्याची तयारी सुरू होते. गच्चीवरील भेगा बुजवल्या जातात, पन्हळी साफ होतात, माळ्यावरच्या छत्र्या खाली येतात. अंगणात किंवा इमारतीच्या मोकळ्या जागेत उभ्या असलेल्या मोटारसायकलचा विचार मात्र बहुधा पहिली सर येऊन गेल्यावरच होतो. मग बाजारातून घाईघाईने प्लास्टिकचे कव्हर आणले जाते, दोऱ्यांनी ते घट्ट आवळले जाते आणि वाहन सुरक्षित झाले असे समजले जाते. पावसाळा संपता संपता कव्हर काढावे, तर साखळीवर तांबूस थर, सीटवर बुरशी आणि स्पोकच्या मुळाशी गंज. ‘पावसाचा थेंब लागू दिला नाही, तरी गाडी गंजली कशी?’ हा प्रश्न मेकॅनिकला दर वर्षी ऐकावा लागतो.

याचे उत्तर सोपे आहे. लोखंड गंजण्यासाठी पाणी आणि प्राणवायू हे दोन्ही लागतात आणि पाणी पावसाच्याच रूपाने यावे, असे काही नाही. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की उघड्या लोखंडावर ओलाव्याचा अदृश्य पापुद्रा धरू लागतो. कोकणपट्टीत आणि मुंबईत पावसाळाभर आर्द्रता याहून कितीतरी जास्त असते. उघड्यावरील गाडीवर पडलेले पाणी ओघळून जाते, वाऱ्याने सुकते. हवाबंद कव्हराखाली मात्र जमिनीतून वर येणारी वाफ कोंडली जाते, रात्री गारव्याने तिचे थेंब होतात आणि ते दिवसभर धातूला चिकटून राहतात. थोडक्यात, दुचाकीचा खरा शत्रू पाऊस नसून कोंडलेला दमटपणा हा आहे. निवारा निवडताना ही गोष्ट ध्यानात घेतली, तर पुढचे बरेचसे निर्णय आपोआप होतात. आधी जागा, मग छप्पर आणि सर्वांत शेवटी कव्हर, असा विचाराचा क्रम हवा. प्रत्यक्षात तो बरोबर उलटा असतो.

जागेबाबत पहिला मुद्दा दिशेचा. महाराष्ट्रात नैर्ऋत्य मोसमी पावसाची झड प्रामुख्याने पश्चिम आणि नैर्ऋत्य बाजूने येते. उन्हाळ्यातील दुपारनंतरचे तापदायक ऊनही पश्चिमेकडूनच. त्यामुळे घराच्या पूर्वेकडील भिंतीलगतची, वळचणीखालची जागा मिळत असेल, तर निम्मे काम तेथेच झाले. शेड उभारायची असेल, तर तिची पाठ पश्चिमेला आणि तोंड पूर्वेला असावे. कोकणात पावसाळ्यापूर्वी पडवीला नारळाच्या झापांचा आडोसा बांधतात, त्यामागेही झड अडवण्याचेच शहाणपण आहे. शहरातील रो-हाउसच्या अंगणात मात्र फाटकाजवळची जागा सोयीची म्हणून निवडली जाते. मग छप्पर असूनही गाडी भिजते आणि दोष छपराला दिला जातो.

दुसरा मुद्दा जमिनीचा. मातीवर किंवा हिरवळीवर उभ्या केलेल्या गाडीला खालून सतत ओल लागते. शिवाय दोन-तीन दिवसांच्या संततधारेने माती मऊ झाली की साइड स्टँड रुतत जातो आणि दीडशे किलोची गाडी मध्यरात्री आडवी होते. सिमेंटचा कोबा किंवा फरशी हवीच, तिला पाणी वाहून जाण्याइतका उतारही हवा; आणि तेही शक्य नसेल तर निदान स्टँडखाली जाड फळीचा तुकडा असावा. गाडी मधल्या स्टँडवर उभी केल्यास तोल सांभाळला जातो आणि मागच्या टायरवरील भारही हलका होतो.

झाडाची सावली सर्वांनाच मोहवते. उन्हातील अतिनील किरणांनी रंग विटतो, सीटचे आवरण तडकते, हे खरेच. पण आंब्याच्या मोहोराचा चिकटा, जांभळांचे डाग आणि पाखरांची विष्ठा हेही रंगाचे वैरीच. विष्ठेतील आम्ल उन्हात तापले की रंगावर कायमचा ठसा उमटतो. नारळाखाली गाडी लावण्याविषयी तर काही सांगण्याची गरज नसावी. (सीटवर नखे घासणाऱ्या मांजरांवर अद्याप कोणालाही उपाय सापडलेला नाही.)

पाणी तुंबण्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा आणि पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, तेव्हाही तळमजल्यावरील आणि ओढ्याकाठच्या असंख्य दुचाकी पाण्याखाली गेल्या, कित्येक वाहून गेल्या. नाल्याकाठी किंवा सखल भागात राहणाऱ्यांनी तळघरातील पार्किंगपेक्षा छप्पर नसलेली उंच जागा पत्करलेली बरी. बुडालेली गाडी चालू करण्याचा मोह टाळावा. पाणी हवेसारखे दाबले जात नाही. ते सिलिंडरमध्ये शिरले असेल, तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि किरकोळ सफाईचे काम इंजिनच्या खर्चावर जाते.

छपरासाठी जस्ताचा मुलामा दिलेला किंवा रंगीत लेपाचा पत्रा सर्वाधिक वापरला जातो. तो टिकाऊ असतो, पण विदर्भात, जेथे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेथे बुटक्या छपराखाली भट्टीच पेटते. छप्पर पुरेसे उंच घ्यावे आणि भिंत व पत्रा यांत हवेसाठी फट ठेवावी. पॉलिकार्बोनेटच्या पत्र्यातून उजेड येतो. मात्र अतिनील किरणरोधक थर नसलेला स्वस्त पत्रा काही उन्हाळ्यांतच पिवळा पडून ठिसूळ होतो. जुना सिमेंटचा पत्रा घरच्या घरी कापू किंवा छेदू नये, त्यातील ॲस्बेस्टॉसचे तंतू फुफ्फुसांना घातक असतात. पत्रा कोणताही असो, वळवाच्या वादळात तो उडणार नाही, इतके खांब आणि बोल्ट मजबूत हवेत.

चारही बाजूंनी बंद असलेली पत्र्याची खोली चोरांपासून बचाव करते, म्हणून ती अनेकांना आदर्श वाटते. तेथे आणखी एक विचार करावा लागतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर न जाता जमिनीलगत साठते. अशा खोलीला वर झरोका ठेवला जातो, खाली नाही, आणि नेमकी चूक तेथे होते. जमिनीलगत दोन समोरासमोरच्या बाजूंना जाळीदार भोके असलीच पाहिजेत. उंदीर येऊ नयेत म्हणून जाळी बारीक असावी, कारण वायरिंग कुरतडणे हा त्यांचा आवडता उद्योग आहे. गॅस सिलिंडर, इन्व्हर्टर, रंगाचे डबे किंवा कोपऱ्यातील दिवा यांची तेथे दुचाकीशी सोबत नको. विजेवरील दुचाकीला पेट्रोलचे भय नाही, पण २०२२ च्या मार्च-एप्रिलमध्ये पुण्यासह देशात ठिकठिकाणी अशा गाड्या पेटल्याचे विसरून चालणार नाही. तापलेल्या पत्र्याच्या बंद खोलीत ती चार्जिंगला लावू नये. प्लग पावसापासून सुरक्षित आणि अर्थिंग केलेला असावा.

आता कव्हर. पूर्ण जलरोधक प्लास्टिकपेक्षा हवा खेळती ठेवणारे, बाजूंना झरोके असलेले जाड कापडी कव्हर घ्यावे. ते जमिनीपर्यंत लोळू नये. ओल्या किंवा नुकत्याच चालवून आणलेल्या गाडीवर ते कधीही घालू नये. तापलेल्या सायलेन्सरला चिकटून वितळलेली कव्हरे प्रत्येक गॅरेजमध्ये पाहायला मिळतात, आणि वितळण्यावरच भागेल याची खात्री नसते. उघडीप मिळेल तेव्हा तासभर कव्हर काढून ठेवण्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

सदनिकाधारकांपुढे आणखी एक अडचण असते. जागा कोणाची? सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था या खटल्यात स्पष्ट केले की, स्टिल्टमधील किंवा मोकळ्या जागेतील पार्किंग बिल्डरला सदनिकेप्रमाणे स्वतंत्रपणे विकता येत नाही. २०१६ च्या रेरा कायद्यातही छप्पर आणि तीन बाजूंना भिंती असलेल्या जागेलाच ‘गॅरेज’ म्हटले आहे. अर्थात, मोकळी जागा संस्थेची असते आणि तेथे एखाद्या सभासदाने स्वतःपुरती शेड ठोकणे नियमात बसत नाही. सर्वसाधारण सभेत विषय मांडून सर्व दुचाकींसाठी एकत्रित शेड उभारणे खर्चाच्या दृष्टीनेही हिताचे ठरते. बंगल्याच्या मालकालाही सामासिक अंतरात कायमस्वरूपी बांधकाम करण्यापूर्वी महापालिकेकडे चौकशी करणे भाग आहे. अग्निशमन दलाची गाडी आत येण्याची वाट तर कोणीच अडवू नये.

उघड्यावर गाडी ठेवणाऱ्याने कोब्यात लोखंडी कडी रोवून तिला साखळीने गाडीची चौकट बांधावी. केवळ चाकाला लावलेले कुलूप गाडी उचलून टेम्पोत टाकणाऱ्याला अडवत नाही. विम्याचे कागदही एकदा पाहावेत. बंधनकारक असलेल्या त्रयस्थ पक्ष विम्यात चोरी, आग किंवा पुराने झालेले स्वतःच्या गाडीचे नुकसान मिळत नाही.

महिनाभर गावी जायचे असल्यास साखळीला तेल द्यावे, बॅटरीची जोडणी सोडवावी आणि पत्र्याची टाकी पेट्रोलने भरून ठेवावी. रिकाम्या टाकीत हवा राहते, हवेबरोबर ओल येते आणि सध्याच्या २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलमधील इथेनॉल ती शोषून घेते. ओल फार झाली, तर इथेनॉल आणि पाणी वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते, आणि परत आल्यावर पहिल्यांदा इंजिनाकडे जाते ते हेच मिश्रण.