२ दिवस आणि १९ वर्षे

सप्टेंबर २०१७ मध्ये इर्मा चक्रीवादळ फ्लोरिडातून गेले, तेव्हा ऑर्लँडोजवळचे वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १० आणि ११ तारखेला बंद होते. १२ ला ते उघडले. २०२२ मध्ये इयान आले तेव्हा उद्याने २८ आणि २९ सप्टेंबरला बंद राहिली आणि ३० पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली. मिल्टनने ९ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री किनारा गाठला, आणि ११ तारखेला लोक पुन्हा तिकिटाच्या रांगेत उभे होते.

आता न्यू ऑर्लीन्सचे आकडे पाहा. शहराच्या पूर्व भागातले सिक्स फ्लॅग्ज हे उद्यान ऑगस्ट २००५ मध्ये कॅटरिना येण्याआधी बंद केले गेले. वादळ २९ ऑगस्टला आले. ते उद्यान परत उघडलेच नाही. दर्शनी फलकावरची ‘वादळामुळे बंद’ अशा अर्थाची अक्षरे वर्षानुवर्षे तशीच राहिली, आणि पाडकाम सुरू व्हायला २०२४ उजाडले.

एकीकडे २ दिवस, दुसरीकडे १९ वर्षे. हा फरक वाऱ्याने पडला नाही, पाण्याने पडला. डिस्नेची जमीन किनाऱ्यापासून बरीच आत आहे आणि समुद्रसपाटीपासून सुमारे १०० फूट उंच आहे. शिवाय १९६७ मध्ये तिथे कायद्याने स्वतंत्र जिल्हा स्थापन झाला आणि दलदलीतून कालवे, बांध नि आपोआप उघडणारी दारे उभी राहिली. थोडक्यात, निचऱ्याचा खर्च आधीच करून ठेवलेला होता. न्यू ऑर्लीन्सचा पूर्व भाग मात्र बराचसा समुद्रसपाटीच्या खाली आहे. उद्यानाभोवती पूर अडवायला सुमारे ६ फुटांचा मातीचा बांध होता. पाणी त्यावरून आत शिरले, पंप बंद पडले, आणि ज्या बांधाने पाणी बाहेर ठेवायचे त्यानेच ते आत कोंडून धरले. ४ ते ७ फूट मचूळ पाणी महिनाभराहून अधिक काळ तसेच साचून राहिले. मोटारी, तारा, लोखंड सगळे खाऊन गेले. मोठ्यांपैकी वाचला तो ‘बॅटमन’ हा झुलता रोलर कोस्टर, कारण त्याचा चढण्याउतरण्याचा फलाट उंचावर होता. तो उचलून टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओला नेला आणि २००८ मध्ये ‘गोलायथ’ नावाने सुरू केला.

पण पाणी ओसरल्यावरही उद्यान का उठले नाही? मला या प्रश्नाचे उत्तर हिशेबाच्या वहीत दिसते. २००० मध्ये ते ‘जॅझलँड’ म्हणून सुरू झाले, तेही शहराने केंद्र सरकारकडून घेतलेल्या सुमारे २.५ कोटी डॉलरच्या कर्जाच्या आधाराने. दोन हंगामांतच मूळ चालक दिवाळखोरीत गेला. २००३ मध्ये पाटी बदलून सिक्स फ्लॅग्जची झाली, मात्र जमीन शहराचीच राहिली. कंपनीकडे ७५ वर्षांचा भाडेपट्टा होता. वादळानंतर कंपनीला तिथे पुन्हा पैसा ओतायचा नव्हता, करार मोडण्याचा वाद लांबत गेला, २००९ मध्ये कंपनीनेच दिवाळखोरीचा अर्ज केला. डिस्नेकडे जमीनही स्वतःची आणि गंगाजळीही. इर्मात तिला सुमारे १० कोटी डॉलरचा फटका बसला, तो तिने पचवला.

उद्यान गेले, पण शेजार उभा राहिला. काही मैलांवर व्हर्साय नावाने ओळखली जाणारी व्हिएतनामी वस्ती आहे. सायगाव पडल्यावर, १९७५ पासून आलेली ही कुटुंबे. परसात भाजीचे वाफे आणि शनिवारी पहाटेचा बाजार ही त्यांची ओळख. ऑक्टोबर २००५ मध्येच त्यांच्या चर्चमध्ये प्रार्थना पुन्हा सुरू झाली. वीज कंपनीचे म्हणणे होते की परतलेले ग्राहक दाखवा, मग तारा जोडू. चर्चचे धर्मगुरू फादर विएन यांनी सुमारे ५०० नावांची यादी नेऊन दिली. नोव्हेंबरात दिवे लागले. फेब्रुवारी २००६ मध्ये शहराने वस्तीच्या उशाशीच वादळाच्या ढिगाऱ्यासाठी कचराभूमीला परवानगी दिली, तीही रहिवाशांनी त्याच ऑगस्टात बंद पाडली. मला ती ५०० नावांची यादी या साऱ्या कहाणीतला सर्वांत मोलाचा आकडा वाटतो.

आसपासच्या कृष्णवर्णीय मध्यमवर्गाला ही चाल इतकी लवकर जमली नाही, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता. ‘रोड होम’ या योजनेत घरमालकाला कमाल दीड लाख डॉलर मिळू शकत. पण मदत मोजताना घराची वादळापूर्वीची किंमत आणि दुरुस्तीचा खर्च यांतला कमी आकडा धरला जाई. समजा दोन वस्त्यांत एकसारखी घरे आहेत आणि दुरुस्तीला दोन्हीकडे सव्वा लाख लागतात. ज्या वस्तीत बाजारभाव दोन लाख, तिथे सव्वा लाख धरले जात. जिथे बाजारभाव ८० हजार, तिथे ८० हजारच. विटा, सिमेंट, गवंड्याची मजुरी दोन्हीकडे सारखीच. बाजारभाव कुठे कमी होते, तर बहुतेक कृष्णवर्णीय वस्त्यांत. २००८ मध्ये खटला गेला आणि २०११ मध्ये ६.२ कोटी डॉलरच्या जादा मदतीवर तडजोड झाली. तोवर सहा वर्षे उलटली होती.

ऑर्लँडोच्या बाजूलाही डिस्नेच्या दोन दिवसांवर विसंबता येत नाही. शेजारच्या किसिमीतल्या ज्येष्ठांच्या एका वसाहतीत २०१७ मध्ये पाणी शिरले आणि २०२२ मध्ये पुन्हा शिरले. उद्यानात गाड्या फिरत होत्या, तेव्हा इथले म्हातारे लोक बोटीतून बाहेर काढले जात होते. ‘उद्यान सुरू झाले’ ही बातमी शेजारच्या गल्लीचे काहीच सांगत नाही.

न्यू ऑर्लीन्सची लोकसंख्या २००० मध्ये ४,८४,६७४ होती. २०१० मध्ये ३,४३,८२९ आणि २०२० मध्ये ३,८३,९९७. पूर्व भागातले रुग्णालय वादळात बंद पडले. पुढची काही वर्षे रात्री कोणाच्या छातीत कळ आली, तर गाडी काढायची आणि इंडस्ट्रियल कॅनॉलवरचा उंच पूल ओलांडून पलीकडे जायचे. ८० खाटांचे नवे रुग्णालय उघडले ते २०१४ मध्ये.